उपराष्ट्रपतींवरचा रविवारचा वर्ग, पंडित कॉलनी, नाशिक: माझा अभिप्राय

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. राज्यघटना परीक्षेपुरती पाठ करायची असेल तर हा वर्ग लावू नका. ती शिकवायची असेल, किंवा दिल्लीच्या बातम्या वाचताना ‘हे नेमकं कुठल्या नियमाने चाललंय?’ असा प्रश्न पडत असेल, तर जरूर लावा. पंधराशे रुपये फी आहे. आजवर जी प्रशिक्षणं केली, त्यातल्या एकातही मला इतकं हाती लागलं नव्हतं.

मी सिडकोतल्या एका शाळेत इतिहास-राज्यशास्त्र शिकवते. आठवीला संसदीय शासनपद्धती असते. २१ जुलै २०२५ ला, पावसाळी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, जगदीप धनखड यांनी प्रकृतीचं कारण देऊन उपराष्ट्रपतिपदाचा राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी वर्गात पाऊल ठेवते न ठेवते तोच हात वर. “मॅडम, नवीन येईपर्यंत उपराष्ट्रपती कोण?” “राज्यसभा बंद राहणार का?” मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “आणि आत्ताच राष्ट्रपतींचीही जागा रिकामी झाली तर?” शालेय पुस्तकात उपराष्ट्रपतींच्या वाट्याला जेमतेम काही ओळी येतात. निवडणूक कशी, मुदत किती, राज्यसभेचे पदसिद्ध सभापती, संपलं. या प्रश्नांना तेवढ्या ओळी पुरत नाहीत. म्हणून हा वर्ग लावला.

वर्गाचं नाव लिहीत नाही, कारण जाहिरात करायची नाही असं सरांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं. पंडित कॉलनीत विचारलंत तर कुणीही दाखवेल. जुन्या बंगल्याचा वरचा मजला, चपला जिन्यातच काढायच्या, आत प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक हिरवा फळा. दर रविवारी सकाळी साडेआठ ते साडेअकरा. महिन्याला एक घटनात्मक पद घेतात. मी गेले तो महिना उपराष्ट्रपतींचा होता. सर जिल्हा न्यायालयात वकिली करून आता त्यातून बाहेर पडलेत. सगळे त्यांना वकीलसरच म्हणतात. ऐकायला तीसेक माणसं असतात: एमपीएससीची पोरं, लॉ कॉलेजच्या मुली, माझ्यासारखे दोन-तीन शिक्षक आणि काही निवृत्त मंडळी. गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेला दर मे महिन्यात जाणारं नाशिक असं थंडीतल्या सकाळीही जमतं, याचा मला मनापासून आनंद झाला.

सरांची पद्धत सोपी आणि कडक आहे. आधी अनुच्छेद मोठ्याने वाचायचा, मग बोलायचं. गाइड उघडलं तर ते शांतपणे येऊन मिटतात. पहिल्या रविवारी अनुच्छेद ६३ ते ७१ आम्ही आळीपाळीने वाचून काढले. ६३: भारताचा एक उपराष्ट्रपती असेल. ६४: तो राज्यसभेचा पदसिद्ध सभापती असेल. ६५: राष्ट्रपतींची जागा मृत्यू, राजीनामा किंवा पदच्युतीने रिकामी झाली तर नवा राष्ट्रपती येईपर्यंत तो राष्ट्रपती म्हणून काम पाहील. वाचायला दहा मिनिटंही लागत नाहीत. खरी मजा त्यानंतर येते, कारण सर एकेका ओळीला थांबवतात.

“पगार कुठे लिहिलाय?” त्यांनी विचारलं. सगळे पानं चाळत बसले. या नऊ अनुच्छेदांत तो नाहीच. उपराष्ट्रपतींना उपराष्ट्रपती म्हणून पगार नसतो. तो मिळतो राज्यसभेचे सभापती म्हणून, आणि त्यासाठी अनुच्छेद ९७ आणि दुसऱ्या अनुसूचीकडे जावं लागतं. राष्ट्रपतींचं काम पाहत असतील तेव्हा सभापतीचं काम थांबतं, तो पगारही थांबतो आणि राष्ट्रपतींचं वेतन आणि मान मिळतो. या एका प्रश्नातून पद कसं बांधलंय ते लख्ख कळतं. एरवीचा उपराष्ट्रपती म्हणजे राज्यसभेचा सभापती. दुसरं काम प्रसंग आला तरच.

मग सरांनी एक झेरॉक्स वाटली. अनुच्छेद ६६ चं पहिलं कलम, डावीकडे १९५० चं, उजवीकडे आजचं. डावीकडे लाल पेनने एक ओळ खोडलेली: दोन्ही सभागृहांचे सदस्य संयुक्त बैठकीत एकत्र जमून उपराष्ट्रपती निवडतील. उजवीकडे त्या जागी ‘दोन्ही सभागृहांच्या सदस्यांचा मिळून झालेला निर्वाचकगण’, म्हणजे मत देणाऱ्यांचा गट. हा बदल १९६१ च्या अकराव्या घटनादुरुस्तीने झाला. एकाच दालनात सगळ्यांनी जमायची अट गेली. डॉ. राधाकृष्णन १९५२ आणि १९५७ ला, दोन्ही वेळा बिनविरोध निवडून आले होते, त्यामुळे त्या जुन्या पद्धतीने मतदान करायची वेळच आली नाही. पहिली लढत झाली ती १९६२ ला, नव्या नियमाने.

त्याच दुरुस्तीचा दुसरा धागा थेट नागपूरला जातो, हे मला इथे कळलं. १९५७ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीला डॉ. ना. भा. खरे यांनी सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं. पंजाब आणि हिमाचलमधल्या काही जागांची निवडणूक बाकी असताना राष्ट्रपती कसा निवडता, असा त्यांचा मुद्दा. अर्ज फेटाळला गेला. पण चार वर्षांनी संसदेने अनुच्छेद ७१ मध्ये स्पष्टच लिहून टाकलं की निर्वाचकगणातली एखादी जागा रिकामी आहे एवढ्या कारणाने राष्ट्रपती किंवा उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीला आव्हान देता येणार नाही. मध्य प्रांताचे माजी पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) म्हणून डॉ. खरे आपल्याकडच्या जुन्या लोकांना ठाऊक असतात. घटनेतल्या एका कलमामागे त्यांचा अर्ज उभा आहे, हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

दुसरा रविवार १९६९ चा. या एका सकाळीसाठी मी पूर्ण फी पुन्हा भरेन.

सरांनी फळ्यासमोर तीन खुर्च्या ओळीने मांडल्या. पहिली राष्ट्रपतींची, दुसरी उपराष्ट्रपतींची, तिसरी सरन्यायाधीशांची. लॉ कॉलेजच्या तीन मुलींना त्यावर बसवलं. ३ मे १९६९: राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचं पदावर असताना निधन. पहिली मुलगी उठली. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या जागेवरची मुलगी उठून पहिल्या खुर्चीवर बसली. “आता दुसरी खुर्ची रिकामी. उद्या पहिलीही रिकामी झाली तर?” सरांनी विचारलं. सगळे गप्प. “घटना उघडा. अनुच्छेद ७०.” वाचलं. तिथे एवढंच आहे की या प्रकरणात तरतूद नसलेल्या प्रसंगी राष्ट्रपतींचं काम कसं चालवायचं ते संसद ठरवू शकेल. घटनाकारांनी दार ठेवलं होतं, पण १९६९ पर्यंत ते कुणी उघडलं नव्हतं. मे महिना संपायच्या आत संसदेने कायदा केला: दोन्ही पदं रिकामी असतील तर सरन्यायाधीश, ते नसतील तर सर्वोच्च न्यायालयातले सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीश काम पाहतील.

आणि दोन महिन्यांत तो कायदा वापरावा लागला. गिरींना स्वतःच राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवायची होती. २० जुलैला त्यांनी पद सोडलं. समोरची मुलगी पहिल्या खुर्चीवरून उठली, पण दुसरीवर परत जाऊ शकली नाही, कारण गिरींनी उपराष्ट्रपतिपदही सोडलं होतं. दोन्ही खुर्च्या मोकळ्या. तिसरी मुलगी उठून पहिलीवर बसली: सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला. २४ ऑगस्टला गिरी निवडून येऊन राष्ट्रपती झाले, तोवर देशाचं राष्ट्रपतिपद त्यांनी सांभाळलं. हेच हिदायतुल्ला पुढे १९७९ ला उपराष्ट्रपती झाले आणि १९८२ मध्ये राष्ट्रपती झैलसिंग उपचारांसाठी अमेरिकेला गेले तेव्हा पुन्हा राष्ट्रपतींचं काम पाहिलं. या वेळी उपराष्ट्रपती म्हणून.

माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न इथे सुटला. जुलै ते सप्टेंबर २०२५ या काळात राष्ट्रपतींची जागा रिकामी झाली असती, तर १९६९ च्या कायद्याप्रमाणे ती जबाबदारी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्याकडे गेली असती. म्हणजे अमरावतीच्या माणसाकडे. सोमवारी वर्गात हे सांगितलं तर पोरं टाळ्या वाजवायला लागली.

त्याच सकाळी आणखी एक गोष्ट घडली. सरांनी तारीख लिहिली: १९ जुलै १९६९. गिरी पायउतार होण्याच्या आदल्या दिवशी. “या दिवशी त्यांनी कशावर सही केली?” पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मागच्या रांगेतले बँक ऑफ महाराष्ट्रमधून निवृत्त झालेले एक काका उभे राहिले आणि म्हणाले, “आमच्या बँकेच्या वटहुकुमावर.” चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम. बँक ऑफ महाराष्ट्र त्यातलीच एक. सही राष्ट्रपती म्हणून काम पाहणाऱ्या उपराष्ट्रपतींची. काका पुढे बराच वेळ बोलले, ग्रामीण शाखा कशा निघाल्या, खेड्यातला शेतकरी पहिल्यांदा काउंटरपर्यंत कसा आला, आणि सरांनी त्यांना मध्ये तोडलं नाही. उपराष्ट्रपती म्हणजे फीत कापायला बोलवायचा पाहुणा, असं मानणाऱ्यांना ही एक तारीख पुरेशी आहे.

पुढचे एक उपराष्ट्रपती बी. डी. जत्ती, त्यांच्यावर त्यामानाने कमी वेळ मिळाला. फेब्रुवारी १९७७ मध्ये राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद गेले आणि जत्तींनी जुलैपर्यंत राष्ट्रपतींचं काम पाहिलं. त्या मधल्या काळात जनता सरकार आलं, नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त करायचा सल्ला आला आणि जत्ती सहीसाठी अडखळले. शेवटी केली. इथे सरांनी बेचाळीसावी दुरुस्ती दाखवली. तिने अनुच्छेद ७४ मध्ये मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक असल्याचं लिहून टाकलं होतं, आणि सल्ला फेरविचारासाठी परत पाठवायची सोय चव्वेचाळीसाव्या दुरुस्तीने नंतर आली. म्हणजे जत्तींच्या वेळी बांधिलकी होती आणि परतीची वाट नव्हती. नेमक्या त्या फटीत ते सापडले. मला इथे अजून अर्धा तास हवा होता.

तिसऱ्या रविवारी जे शिकवलं, त्यासाठी हा वर्ग मी प्रत्येक राज्यशास्त्राच्या शिक्षकाला सुचवेन. मुद्दा असा. ६३ ते ७१ या अनुच्छेदांत १९५० पासून फारसा फरक पडलेला नाही. निवडणुकीची ती ओळ बदलली, निवडणूक-वादांचं कलम बदललं, बस. मग हे पद बदललं कुठे? दुसऱ्या दारांनी. सरांनी फळ्यावर मधोमध ‘सभापती’ लिहिलं आणि त्याकडे बाहेरून बाण काढत गेले.

पहिला बाण १९६८ चा, न्यायाधीश चौकशी कायदा. उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला हटवण्याचा प्रस्ताव राज्यसभेत आणायचा तर किमान ५० सदस्यांच्या सह्या लागतात, आणि तो दाखल करून घ्यायचा की नाही हे सभापती ठरवतात. एप्रिल २०१८ मध्ये सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्याविरुद्धची सूचना तेव्हाचे उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडूंनी याच अधिकारात फेटाळली. विचार करा, देशाच्या सरन्यायाधीशावरची कारवाई पुढे जाईल की नाही, याची पहिली चाळणी उपराष्ट्रपतींच्या हातात आहे. हे त्या नऊ अनुच्छेदांत शोधून सापडणार नाही.

दुसरा बाण १९७४ चा, तेहतिसावी दुरुस्ती. त्याआधी खासदाराने राजीनाम्याचं पत्र दिलं की जागा गेली. गुजरातच्या नवनिर्माण आंदोलनात आमदारांवर दबाव टाकून राजीनामे घेतले गेले, आणि मग तरतूद आली की राजीनामा स्वखुशीचा आणि खरा आहे अशी खात्री पटली तरच सभापतींनी किंवा अध्यक्षांनी तो स्वीकारावा.

तिसरा बाण सगळ्यांत जाड काढला. १९८५, बावन्नावी दुरुस्ती, दहावी अनुसूची. पक्षांतर केलेला राज्यसभा सदस्य अपात्र आहे का, याचा निवाडा सभापतींकडे. डिसेंबर २०१७ मध्ये शरद यादव आणि अली अन्वर यांचं सदस्यत्व नायडूंच्या आदेशाने गेलं. १९९२ मध्ये किहोटो होलोहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा निर्णय देताना अध्यक्ष किंवा सभापती न्यायाधिकरणाचं काम करतात, त्यामुळे त्यावर न्यायालयीन पुनर्विलोकन, म्हणजे न्यायालयाकडून फेरतपासणी, होऊ शकतं. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत विधानसभा अध्यक्षांपुढच्या अपात्रता सुनावण्या आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिल्या. तोच अधिकार राज्यसभेत उपराष्ट्रपतींकडे असतो, हे मात्र आपल्या डोक्यात येत नाही. वर्गातल्या निम्म्या लोकांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं.

माझं ठाम मत या सकाळी पक्कं झालं. उपराष्ट्रपतिपद शिकवताना मुदत आणि वयाची अट पाठ करून घेण्यात आपण वेळ घालवतो, आणि पद जिथे खरंच वाढलं ते सभापतीचं काम एका ओळीत उरकतो. शिकवायचा क्रम उलटा हवा. आधी सभापती, मग बाकीचं.

मधल्या सुट्टीत चहा येतो, खालच्या टपरीवरचा, आलं घातलेला. फीमध्येच धरलाय. त्या वेळातली चर्चाही ऐकण्यासारखी असते. महाराष्ट्राशी संबंध काय, यावर एकदा छान वादावादी रंगली. कुणी २००२ ची आठवण काढली, सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे उपराष्ट्रपतिपदाला उभे होते, भैरोंसिंह शेखावतांना ४५४ आणि शिंदेंना ३०५ मतं पडली. त्या निवडणुकीच्या तोंडावर कृष्णकांत यांचं निधन झालं होतं. पदावर असताना गेलेले ते एकमेव उपराष्ट्रपती. दुसऱ्याने मुंबईचं राजभवन आठवलं. १९८७ ला शंकरदयाळ शर्मा आणि २०२५ ला सी. पी. राधाकृष्णन, दोघेही महाराष्ट्राच्या राज्यपालपदावरून उपराष्ट्रपती झाले.

अमेरिकेवर अर्धी सकाळ दिली होती आणि ती तुलनेसाठीच, हे मला आवडलं. तिथे १८४१ मध्ये राष्ट्राध्यक्ष हॅरिसन महिन्याभरात वारले. उपाध्यक्ष जॉन टायलर यांनी आपण नुसतं काम पाहणार नाही, आपण आता राष्ट्राध्यक्षच आहोत असं ठासून सांगितलं. घटनेत स्पष्ट लिहिलेलं नसताना तो पायंडा पडला, आणि लेखी तरतूद यायला १९६७ ची पंचविसावी दुरुस्ती उजाडावी लागली. आपल्याकडे उपराष्ट्रपती राष्ट्रपती ‘होत’ नाही. तो काम पाहतो, आणि सहा महिन्यांच्या आत नवी निवडणूक घ्यावीच लागते. गिरींना म्हणूनच निवडणुकीला उभं राहावं लागलं. शेवटी ६ जानेवारी २०२१ ची गोष्ट आली. राष्ट्राध्यक्षपदाच्या मतमोजणीत उपाध्यक्ष माइक पेन्स यांनी मतं नाकारावीत असा दबाव होता, त्यांनी नकार दिला, आणि २०२२ च्या कायद्याने उपाध्यक्षांचं तिथलं काम केवळ औपचारिक असल्याचं लिहून ठेवलं. अमेरिका सव्वादोनशे वर्षांनंतरही हे पद नव्याने लिहितेच आहे.

आता तक्रारी.

नोट्सचे दीडशे रुपये वेगळे घेतात, हे नावनोंदणी करताना कुणी सांगत नाही. त्याहून खटकलं ते असं की नोट्स जुन्या आहेत. उपराष्ट्रपतींचं वेतन दरमहा सव्वा लाख छापलंय. ते २०१८ मध्येच चार लाख झालं. एका मुलीने ते दाखवलं, सरांनी लगेच सगळ्यांना पेनने दुरुस्त करायला लावलं, पण दीडशे रुपये घेताना हे आधी पाहायला हवं. अक्षरंही पुसट, काही पानं कोपऱ्यात कापलेली. मागच्या रांगेतून फळ्याचा खालचा भाग दिसत नाही. बायकांसाठी स्वच्छतागृह खालच्या मजल्यावर, आणि त्याची किल्ली मागावी लागते. ही गोष्ट बदलायलाच हवी.

सगळ्यांत मोठी तक्रार चौथ्या रविवारची. त्या दिवशी २०२४-२५ यायचं होतं. मी त्याचसाठी आले होते. अनुच्छेद ६७ वाचला: राज्यसभेने आपल्या त्या वेळच्या एकूण सदस्यांच्या बहुमताने ठराव करायचा, लोकसभेने त्याला संमती द्यायची, आणि आधी किमान १४ दिवसांची सूचना द्यायची. डिसेंबर २०२४ मध्ये विरोधकांनी धनखड यांच्याविरुद्ध अशी सूचना दिली, उपराष्ट्रपतींना हटवण्यासाठीची देशातली पहिलीच, आणि उपसभापती हरिवंश यांनी ती फेटाळली. एवढं सांगून सर पुढे सरकले. वर्गात दोन बाजूंची माणसं होती, आवाज चढायला लागले होते, ते त्यांना टाळायचं होतं, हे मला दिसलं. तरीही म्हणेन, हे टाळायला नको होतं. पक्ष बाजूला ठेवून नुसते प्रश्न घेता आले असते. अधिवेशन १४ दिवसांच्या आत संपणार असेल तर या सूचनेचं काय? हटवण्याचा ठराव चर्चेला असताना सभापती स्वतः पीठासनावर बसू शकत नाहीत, अनुच्छेद ९२ त्यांना बोलायचा हक्क देतो पण मताचा देत नाही. मग त्या दिवशी सभागृह कसं दिसेल? तीन खुर्च्या मांडून १९६९ इतकं सुंदर समजावणाऱ्या माणसाला हे सहज जमलं असतं.

राजीनाम्यानंतरचं मात्र नीट झालं. उपराष्ट्रपतींची जागा रिकामी झाली तर हंगामी उपराष्ट्रपती अशी चीज घटनेत नाही. राज्यसभा उपसभापती चालवतात, तशी ती हरिवंश यांनी चालवली. राष्ट्रपतींसाठी सहा महिन्यांची कमाल मर्यादा आहे, उपराष्ट्रपतींसाठी अनुच्छेद ६८ ‘शक्य तितक्या लवकर’ म्हणतो. ९ सप्टेंबरला मतदान झालं, म्हणजे राजीनाम्यापासून ५० दिवसांनी. सी. पी. राधाकृष्णन यांना ४५२, बी. सुदर्शन रेड्डी यांना ३००, आणि १५ मतं अवैध. १२ सप्टेंबरला शपथ झाली. आणि नवा माणूस उरलेल्या मुदतीपुरता नसतो, त्याला पूर्ण पाच वर्षं मिळतात. मुलांच्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं माझ्या वहीत आली, अनुच्छेदांच्या आकड्यांसकट.

परीक्षार्थींना एक सूचना. इथे वस्तुनिष्ठ प्रश्नांचा सराव अजिबात होत नाही. पहिल्या रविवारी भरलेल्या खुर्च्यांपैकी काही दुसऱ्या रविवारी रिकाम्या होत्या, त्या याच कारणाने. मुख्य परीक्षा आणि मुलाखतीच्या तयारीत असाल तर मात्र तिसरी सकाळ सोडू नका.

येण्याजाण्याचं: सिटीलिंकने अशोक स्तंभाला उतरून चालत जाता येतं. सिंहस्थाच्या कामांमुळे रस्ते कुठे खणलेले असतील याचा नेम नाही, सिडको किंवा नाशिकरोडहून येणाऱ्यांनी अर्धा तास हाताशी ठेवावा. दुचाकी गल्लीत लागते, चारचाकी आणूच नका. राज्यघटनेची प्रत स्वतःची न्या आणि ती अलीकडची आहे ना, ते बघून घ्या. जुन्या प्रतीवर वाचताना माझ्या शेजारच्या बाईंची सारखी अडचण होत होती.

पुढच्या महिन्यात राज्यपालपद घेणार आहेत. मी नाव नोंदवलंय. त्याआधी एक जादा रविवार ठेवावा, फक्त अनुच्छेद ६७ आणि ९२ साठी, आणि त्याची फी वेगळी घेतली तरी चालेल, असं मी आणि बँकेतल्या त्या काकांनी मिळून सरांना लिहून दिलंय.